गिनीपिग घरी आणण्याआधी: ठाणे–नवी मुंबईच्या फ्लॅटसाठी तयारी

नावात ‘पिग’ असला तरी गिनीपिगचा डुकराशी काही संबंध नाही. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला, उंदीर-खारींसारखा कुरतडणारा प्राणी. वजन पूर्ण वाढल्यावर पाऊण ते सव्वा किलो. तिकडची हवा थंड आणि कोरडी. आपल्याकडे मे महिन्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधली पश्चिमेची खोली दुपारी तीनला भट्टी झालेली असते आणि जुलैत खारघर-नेरूळला कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. फ्लॅटमधले बहुतेक गिनीपिग आजारी पडतात ते या दोन गोष्टींमुळे, आणि तिसऱ्या एका गोष्टीमुळे: दुकानदार प्राण्याबरोबर दीड-दोन फुटी पिंजरा आणि सशाच्या खाद्याची पिशवी देतो, आणि घरच्यांना वाटतं तयारी झाली.

क्रम उलटा हवा. आधी जागा, पिंजरा, गवत आणि डॉक्टर, आणि प्राणी सगळ्यात शेवटी. दोन आठवडे हातात ठेवा.

१. घरातली बोलणी आणि कागद

गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. आज चौथीत असलेलं मूल तोवर दहावी-बारावीला पोहोचलेलं असेल, क्लास लागलेले असतील, आणि पिंजरा कोण साफ करणार हा प्रश्न आईबाबांकडेच येईल. म्हणून ‘मुलासाठी आणतोय’ असं असेल तर घरातल्या एका मोठ्या माणसाने हे काम आपलं म्हणून आधीच मान्य केलेलं बरं.

आणायचे ते दोन. एकटा गिनीपिग कुढतो, खाणं कमी करतो. हे कळपातले प्राणी आहेत, माणसाने दिवसातून अर्धा तास दिलेला वेळ जोडीदाराची जागा भरून काढत नाही. दोन माद्या हे सर्वात सोपं. दोन नर राहू शकतात, पण जागा जास्त लागते आणि वयात येताना भांडणं होतात. नर-मादी जोडी आणू नका, का ते पुढे येईलच. ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवण्याची पद्धत दिसते ती चुकीची आहे: सशाची लाथ बसली की बरगडी जाते, शिवाय सशाला त्रास न देणारा एक जंतू गिनीपिगला न्यूमोनिया देतो.

घरात कुणाला दमा किंवा गवताची ॲलर्जी असेल तर कोरडं गवत एकदा घरी आणून आठवडाभर ठेवून पाहा. त्रास फक्त प्राण्याचाच नाही, गवताच्या धुळीचाही होतो.

हे कागद एका फाइलमध्ये ठेवा:

- भाड्याचं घर असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात ‘पाळीव प्राणी नकोत’ असं कलम आहे का पाहा. असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. व्हॉट्सॲपवरचा ‘चालेल’सुद्धा जपून ठेवा.
- दुकानाची पावती आणि दुकानाच्या नोंदणीचा फोटो. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांप्रमाणे दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी सक्तीची आहे. विचारल्यावर टाळाटाळ झाली तर तिथून बाहेर पडा.
- डॉक्टरची फाइल आणि वजनाची वही.

सोसायटीत गिनीपिगचा आवाज कुणाला त्रास देत नाही, वासही येत नाही, जर तुम्ही पिंजरा साफ ठेवलात तर. तरी सेक्रेटरींच्या कानावर घालून ठेवा. पेस्ट कंट्रोलची तारीख तेच सांगणार असतात आणि ती कळणं फार महत्त्वाचं आहे.

२. जागा ठरवा, थर्मामीटर हातात घेऊन

गिनीपिगला घाम येत नाही. म्हणून नुसता पंखा लावून त्याला आपल्यासारखा गारवा मिळत नाही. १८ ते २४ अंश त्याला मानवतं, २६ पर्यंत चालून जातं, २८ च्या वर काळजी घ्यावी लागते. ३० च्या वर, तेही आपल्या दमट हवेत, उष्माघात होऊ शकतो.

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या. जिथे पिंजरा ठेवायचा आहे तिथे, जमिनीवर, ते आठवडाभर ठेवा आणि दुपारी तीनचा आकडा रोज लिहा. अंदाजाने जागा ठरवणाऱ्यांची फसगत होते. सकाळी गार वाटणारा कोपरा दुपारी उन्हाच्या तिरिपेत येतो.

नकोत त्या जागा:

- बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी. ऊन, पावसाची झड, कावळे, मांजरं आणि पाइपवरून चढणारे उंदीर. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसही येतो.
- स्वयंपाकघर. फोडणीचा धूर आणि कुकरची शिट्टी दोन्ही त्याला नकोत.
- देवघराशेजारी. धूप-अगरबत्तीचा धूर जमिनीलगत रेंगाळतो. डासांच्या कॉइलचं तेच.
- टीव्हीखाली किंवा दारामागे.
- जुन्या सिडको इमारतींमध्ये ओल येणारी भिंत. पिंजरा भिंतीला लावलात तर ओल मागून गवतात शिरते आणि ते तुम्हाला दिसत नाही.

हॉल किंवा बेडरूममधली आतली भिंत सर्वात बरी. माणसांची वर्दळ दिसेल, पण अंगावर येणार नाही अशी जागा. एसी असलेली खोली मिळत असेल तर एप्रिल-मेपुरता पिंजरा तिथे हलवता येईल अशी रचना आत्ताच करा. एसी २५-२६ वर पुरतो. झोत थेट पिंजऱ्यावर नको.

वीज जाणार हे गृहीत धरा. फ्रीझरमध्ये पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवा. उकाड्यात एक बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवायची, ती वितळली की दुसरी. शेजारी कडाप्प्याचा किंवा लादीचा एक तुकडा ठेवा, ते स्वतःच त्यावर जाऊन बसतात. तोंड उघडं ठेवून श्वास, लाळ, कान लाल, अंग सैल, अशी लक्षणं दिसली तर तो उष्माघात: गार जागी न्या, कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा, डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच जीव जातो.

३. पिंजरा: विकत घेऊ नका, बनवा

दुकानात ‘गिनीपिग केज’ म्हणून मिळतो तो बहुतेकदा दोन फूट बाय दीड फूट असतो. दोघांना किमान साडेसात चौरस फूट लागतात, साडेदहा असतील तर उत्तम. उंचीने काही साधत नाही, हे प्राणी चढत नाहीत, धावतात. म्हणून मजल्यांचा पिंजरा घेतला तरी मोजायची ती तळाची जागा. तळ जाळीचा असेल तर तो पिंजरा नकोच. तळपायांना जखमा होतात, त्यात पू होतो आणि ते महिनोन् महिने बरं होत नाही.

घरी बनवायला लागणारं साहित्य:

- १४ इंची जाळीचे चौकोनी पॅनल, १२ नग. घडीचे स्टोरेज रॅक येतात त्यातले. जाळीचं छिद्र दीड इंचापेक्षा लहान हवं, नाहीतर पिल्लाचं डोकं अडकतं.
- सनपॅक शीट (दोन थरांची, आतून पोकळ, हलकी प्लास्टिकची शीट), ८ फूट बाय ४ फूट, एक. फ्लेक्स-बोर्ड बनवणाऱ्यांकडे मिळते. निवडणुकीनंतर जुने बोर्ड फुकट मिळतात, पण त्यावरची शाई आणि चिकट फिल्म कुरतडली जाते. कोरी शीट घ्या.
- केबल टाय, ५०.
- कटर, लांब पट्टी, पेन्सिल, रुंद सेलोटेप.

कृती अशी. पॅनल जोडून दोन बाय चारचा आयत करा: दोन्ही लांब बाजूंना चार-चार, आखूड बाजूंना दोन-दोन. आतली जागा साधारण ७० बाय १४० सेंटिमीटर होते, म्हणजे साडेदहा चौरस फूट. शीट १०० बाय १७० सेंटिमीटर कापा. चारही बाजूंनी आत १५ सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ मारा. त्या रेघेवरून कटर हलकेच फिरवायचा, फक्त वरचा थर चिरला जाईल इतकाच. आरपार गेला की तो तुकडा फुकट. आता प्रत्येक कोपऱ्यात एकाच रेघेवरून १५ सेंटिमीटरचा आरपार छेद द्या, कडा वर दुमडा, कोपऱ्याची जीभ बाहेरून आणा आणि टेप बाहेरूनच लावा. आत टेप लावलीत तर ती रात्रीत खाल्लेली सापडेल. हा ट्रे जाळीच्या आयतात ठेवा. केबल टायची कापलेली टोकं नेलकटरने अगदी मुळापर्यंत काढा, डोळ्याला लागतात.

झाकण घरात मांजर नसेल तर लागत नाही. घरात रांगतं मूल असेल तर लागतं.

आत हवं ते थोडंच: लपायला दोन घरं (बुटाचे खोके चालतील, पण प्रत्येकाला दोन दारं कापा. एकच दार असेल तर एक जण दुसऱ्याला आत कोंडून बसतो), गवताचा ढीग टाकायला एक बाजू, आणि ५०० मिलिलिटरची पाण्याची बाटली बाहेरून टांगलेली. नव्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकलेली असते. आणल्या दिवशी बोटाने दाबून पाहा, थेंब येतो का. प्राणी आल्यावरही पाण्याची पातळी रोज बघा, कारण बाटली भरलेली दिसणं हे पाणी प्यायल्याचं लक्षण नाही.

पळणारं चाक आणि प्लास्टिकचा चेंडू दुकानदार देऊ करतील. गिनीपिगचा मणका वाकत नाही, दोन्हीमुळे इजा होते.

मोकळं सोडायची खोली असेल तर मोबाइलच्या चार्जरपासून फ्रिजच्या वायरीपर्यंत सगळ्या वायरी पाइपात घाला किंवा उचलून ठेवा. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतो, जुनी चटई किंवा सतरंजी अंथरा.

४. अंथरूण आणि पावसाळ्यातली धुणी

सर्वात सोयीचं म्हणजे फ्लीसचं ब्लँकेट. खाली बाळांसाठी मिळणारी ड्राय शीट किंवा जुना टॉवेल, वर फ्लीस. नवं फ्लीस पाणी वरच अडवतं. म्हणून वापरण्याआधी तीन-चार वेळा साध्या साबणाने धुवा, कम्फर्टसारखं काही घालू नका. त्यावर चमचाभर पाणी टाकून बघा. लगेच खाली झिरपलं तर तयार, थेंब तरंगत राहिला तर आणखी एकदा धुवा.

उन्हाळ्यात दोन संच पुरतात. जून ते सप्टेंबर चार लागतात, कारण तीन दिवस कपडे वाळत नाहीत आणि अर्धवट वाळलेलं फ्लीस टाकलं तर पोटाखाली बुरशी येते. धुण्याआधी झटकून ब्रशने केस आणि गवत काढा आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून मशीनमध्ये टाका. नाहीतर आठवड्याभरात मशीनचा फिल्टर तुंबतो.

लाकडाचा भुसा वापरायचा झाला तर तो कुठून आला हे कळलं पाहिजे. नव्या टॉवरांमध्ये सुताराची कामं सतत चालू असतात आणि भुशाची पोती फुकट मिळतात. तो भुसा प्लायवूड-एमडीएफचा असतो, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. देवदार आणि न वाळवलेल्या पाइनचा वासही त्यांच्या फुप्फुसांना झेपत नाही.

लेंड्या रोज सकाळी ब्रश-सुपलीने काढा. दोन मिनिटांचं काम आहे. पूर्ण अंथरूण तीन-चार दिवसांनी. ट्रेवर मुताचे पांढरे डाग जमतात, ते कॅल्शियमचे. अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर टाकून दहा मिनिटं ठेवा, पुसलं की निघतात. फिनाइल वापरू नका, त्याची वाफ जमिनीलगत बसते आणि त्यांचं नाकही तिथेच असतं.

५. गवत

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. इथे हात राखून चालत नाही.

गिनीपिगचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजतात फक्त लांब तंतूंचं गवत चावून. पोटसुद्धा सतत काहीतरी पुढे ढकललं गेलं तरच चालू राहतं. म्हणून गवत चोवीस तास, हवं तितकं. आहाराचा ऐंशी टक्के भाग तोच. दोघांना वाया जाणारं धरून महिन्याला तीन ते चार किलो वाळलं गवत लागतं. महिन्याच्या खर्चात सर्वात मोठा आकडा हाच असतो.

बाजारात पाकिटातलं टिमोथी गवत मिळतं. ते चांगलं, पण महाग, आणि मागवलेलं कधीकधी वेळेवर येत नाही. संपण्याची वाट न बघता दीड महिन्याचा साठा ठेवा. त्याला आपल्याकडचा जोड आहे हरळीचा, म्हणजे गणपतीच्या दूर्वांचा. जांभळी नाक्यावर किंवा कुठल्याही फुलवाल्याकडे वर्षभर मिळतात. ताज्या जुड्या सोडवून, धुऊन, सुती कपड्यावर निथळवून द्या. दोरा आणि रबरबँड मोजून काढा. पूजेतल्या दूर्वा मात्र नकोत, त्यांना हळदकुंकू, अत्तर लागलेलं असतं.

बाकीच्या ‘गवतां’बद्दल सावध राहा, कारण नावाने घोटाळा होतो:

- *लसूणघास.* नाव घास असलं तरी ही शेंगावर्गीय वनस्पती, पाकिटावर अल्फाल्फा लिहिलेलं असतं ती हीच. कॅल्शियम भरपूर. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं आणि गाभण मादी यांना चालते. मोठ्यांना रोज दिली तर मूत्राशयात खडे होतात.
- *भाताचा पेंढा.* पोट भरतं, पोषण जवळजवळ नाही. बसायला चालेल, जेवायला नाही. हापूसच्या पेटीतला पेंढा तर कशालाच नको. पेटीत आंबे पिकवायची कॅल्शियम कार्बाइडची पुडी होती की नव्हती हे तुम्हाला कुणी सांगणार नाही.
- *हिरवा चारा.* तबेल्याकडचा चारा गठ्ठ्यात गरम होऊन आंबलेला असतो. त्याने पोट फुगतं. कोवळ्या ज्वारीच्या पानांत विष असतं हे जुन्या शेतकऱ्यांना माहीत आहे, फ्लॅटमधल्यांना नसतं.
- *सोसायटीच्या लॉनवरचं गवत.* औषध फवारलेलं असतं, कुत्र्या-मांजरांनी भिजवलेलं असतं.

पावसाळ्यात गवत टिकवणं हे वेगळं काम आहे. मोठा, घट्ट झाकणाचा पिठाचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या फडक्यात बांधून ठेवा. गवत भरण्याआधी मुठीत धरून मोडून बघा. कडकड आवाज आला पाहिजे. मऊ पडलेलं गवत डब्यात भरून झाकण लावलंत तर चार दिवसांत आतून पांढरट होतं. डबा उघडल्यावर कुबट वास आला तर वरचं काढून खालचं वापरण्याची काटकसर करू नका. सगळं टाका.

६. भाजी, गोळ्या आणि व्हिटॅमिन सी

माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही व्हिटॅमिन सी तयार होत नाही. रोज दर किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम बाहेरून मिळावं लागतं. ते तुटलं तर दोन-तीन आठवड्यांत स्कर्व्ही: सांधे दुखतात, तो हलत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, आणि घरच्यांना वाटतं की फार शांत स्वभावाचा आहे.

सोपा हिशोब: मध्यम ढोबळी मिरचीचे चार भाग करायचे आणि रोज प्रत्येकाला एक द्यायचा. २५-३० ग्रॅमच्या फोडीत साधारण २० मिलिग्रॅम मिळतं. बिया आणि देठ काढा. सोबत कोथिंबीर, लेट्यूस, काकडीची चकती, पावसाळ्यात भुट्ट्याची हिरवी सालं आणि त्यातले रेशमी केस. भुट्ट्याचे दाणे नाहीत. गाजर, पेरू, सफरचंद आठवड्यातून एकदा, बोटाच्या पेराएवढं. पालक रोज नको, खड्यांचं कारण तोही आहे. कोबी-फ्लॉवरने गॅस होतो, आणि गिनीपिगला ना ढेकर देता येते ना उलटी.

एकेकाला रोज वाटीभर भाजी पुरे. अर्धा तास पाण्यात ठेवून, दोनदा खळबळून धुवा आणि पूर्ण निथळवा.

पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, ‘गिनीपिगसाठी’ असंच लिहिलेले घ्या, दिवसाला एकेकाला १५-२० ग्रॅम. सशाच्या पेलेटमध्ये व्हिटॅमिन सी नसतं. पाकिटावर उत्पादनाची तारीख बघा: तीन महिन्यांनंतर त्यातलं सी बरंच उडून गेलेलं असतं. म्हणून पाच किलोची ‘स्वस्त पडणारी’ गोणी महागच पडते. पाण्यात टाकायचे सीचे थेंब विकले जातात, तेही काही तासांत निकामी होतात, वर चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो. मल्टिव्हिटॅमिन देऊ नका, त्यातलं ए आणि डी जास्त होतं.

कधीच द्यायचं नाही: कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोची पानं, ॲव्होकाडो, चॉकलेट, दूध-दही, बिस्किट, पोळी, भात, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे. आजी-आजोबांना हे प्रेमाने समजवावं लागतं, कारण दारातल्या प्राण्याला पोळीचा तुकडा घालायची सवय जुनी आहे. त्यांना कोथिंबीर निवडून खाऊ घालायचं काम द्या. फ्रिजचं दार किंवा कोथिंबिरीची पिशवी वाजली की पिंजऱ्यातून ‘व्हीऽक व्हीऽक’ सुरू होतं. चार दिवसांत आजोबा पोळी विसरतात.

७. डॉक्टर आधी शोधा

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. गिनीपिग नेहमी तपासणारे कमी. फोन करून दोन प्रश्न विचारा: ‘महिन्याला साधारण किती गिनीपिग बघता?’ आणि ‘अमॉक्सिसिलिन तोंडाने देता का?’ दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिक औषधं गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात आणि जुलाब होऊन प्राणी दगावतो. घरातलं मुलांचं उरलेलं सिरप तर हातात घेऊ नका.

रात्री-अपरात्री लागेल म्हणून दुसरा पर्यायही लिहून ठेवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे जनावरांचं जुनं मोठं रुग्णालय आहे. जाण्याआधी गिनीपिग बघणारे डॉक्टर त्या वेळी आहेत का, हे फोन करून विचारा. फ्रिजवर दोन्ही नंबर चिकटवा. नेण्यासाठी मांजराची कडक प्लास्टिकची बास्केट, आत टॉवेल आणि मूठभर गवत. उन्हाळ्यात दुपारी रिक्षाने नेऊ नका.

बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. पोट थांबतं आणि मग परत चालू करणं अवघड. घरात सुई नसलेली एक मिलिलिटरची सिरिंज ठेवा. पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ पेज करून गालाच्या बाजूने थोडीथोडी भरवता येते, तीही डॉक्टर गाठेपर्यंतच.

८. आता निवडायला जा

दुकानात सगळे एकाच टोपलीत असतात, नर-मादी मिसळून. मादी चार आठवड्यांतच वयात येऊ शकते, नर तीन आठवड्यांत. म्हणजे तुम्ही आणलेली ‘पिल्लू’ मादी गाभण असण्याची शक्यता खरी आहे. गर्भकाळ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा, म्हणून पहिले दहा आठवडे वजनावर लक्ष ठेवा. पिल्लं झाली तर ती डोळे उघडे, अंगावर केस, दात आलेली अशीच जन्मतात, आणि आई त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नर-मादी जोडी नको म्हटलं ते यासाठी. शिवाय सात महिन्यांनंतर पहिल्यांदा गाभण राहिलेल्या मादीची कंबरेची हाडं सांधलेली असतात, पिल्लू अडकतं.

नर की मादी हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. मादीला खाली इंग्रजी वायसारखी रेघ दिसते, नराला ठिपका, आणि ठिपक्याच्या किंचित वर हलकं दाबलं की लिंग बाहेर येतं. खात्री नसेल तर पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरकडून करून घ्या.

पाहायचं काय: डोळे कोरडे आणि चमकदार, नाक स्वच्छ, मागची बाजू घाण नाही, कानामागे केस गेलेले नाहीत. गोल खवल्यांचे डाग म्हणजे नायटा, तो घरातल्या मुलांना लागतो. उलट्या हाताने केस बाजूला करून कातडी बघा. सतत खाजवत असेल तर खरजेचे किडे असू शकतात. त्यावर कुत्र्यांचं औषध टाकू नका. कोपऱ्यात फुगून बसलेल्याची दया येते, पण तो घरी येऊन दोन दिवसांत जातो.

९. पहिले तीन दिवस

घरी आल्यावर पिंजऱ्यात सोडा आणि त्यांना एकटं राहू द्या. त्या दोघांनी चोवीस तास लपायच्या घरातून बाहेर न येणं नेहमीचं आहे. शेजारच्या मुलांना शनिवारी बोलावू नका.

दुकानात जे खाद्य होतं तेच आठवडाभर द्या आणि नवीन पेलेट त्यात थोडेथोडे मिसळा. गवत मात्र पहिल्या तासापासून. चौथ्या दिवसापासून हातात कोथिंबीर धरून बसा.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरून. मुलांनी जमिनीवर बसूनच घ्यायचं. उभ्याने हातातून पडलेला गिनीपिग मणका किंवा दात मोडून घेतो. आंघोळ घालू नका, गरज नसते. आणि तो स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर घाबरू नका, त्याला त्या लागतात.

१०. पुढची वही

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, वाडगं ठेवून शून्य करा, आणि दर रविवारी त्याच वेळी दोघांचं वजन लिहा. २०-३० ग्रॅमची वरखाली होते. आठवड्यात ५० ग्रॅम उतरलं तर रोज मोजा. १०० ग्रॅम उतरलं तर डॉक्टर. तोवर बाहेरून काही दिसत नसतं, हे भक्ष्य प्राणी आजार लपवतात. नखं तीन-चार आठवड्यांनी.

पेस्ट कंट्रोलच्या दिवशी पिंजऱ्यासकट दुसऱ्या घरी, किमान चोवीस तास. दिवाळीच्या चार रात्री आणि विसर्जनाची मिरवणूक इमारतीखालून जाते त्या दिवशी, पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, तीन बाजूंना चादर. चौथी हवेसाठी उघडी.

११. गावाला जाताना

गणपतीला कोकणात आठ दिवस, मे महिन्यात पंधरा. हा प्रश्न प्राणी आणण्याआधीच सोडवलेला हवा. रातराणी एसटीत किंवा बारा तासांच्या गाडीत त्यांना नेऊ नका. ‘एक दिवसाआड येऊन बघते’ हेही चालत नाही, भाजी रोज, पाणी रोज, आणि खाणं थांबलं तर त्याच दिवशी कळलं पाहिजे. शेजारी किंवा नातेवाइकांपैकी एक जण आत्ताच ठरवा, त्यांना एक शनिवार-रविवार सोबत करून दाखवा.

जाताना पिंजऱ्यावर कागद लावा: गवत कुठल्या डब्यात, ढोबळीचा तुकडा केवढा (कागदावर खरा आकार काढून दाखवा), पोळी-बिस्किट नाही, दोन डॉक्टरांचे नंबर, दोघांचं शेवटचं वजन. फ्रीझरमधल्या बाटल्या भरून ठेवल्यात का बघा, आणि फ्रिजची मेन लाइन बंद करून जाण्याची सवय असेल तर या वेळी तिला हात लावू नका.